आधी झोप, मग आभार

बाळंतिणीच्या खोलीत येणारं प्रत्येक माणूस तिला तिच्या भाग्याची आठवण करून देतं. “बाळ गुटगुटीत आहे, दूध उतरलंय, आई उशाशी आहे. अजून काय पाहिजे?” बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण जिचं मन आतून खचलेलं आहे तिला यातून एवढंच ऐकू येतं, की सगळं असूनही आपण रडतोय म्हणजे खोट आपल्यातच आहे. मग ती रडणं लपवायला शिकते.

बाळंतपणानंतर मन सावरायला कृतज्ञतेची सवय मदत करते. मला तिनं केली आहे, आणि या विषयावर संशोधनही झालेलं आहे. पण बाळंतिणीकडून वसूल केलेली कृतज्ञता तिला आणखी खाली ढकलते. ही सवय केव्हा लावायची, कशी लावायची, तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची आणि कुठे थांबून डॉक्टरांकडे जायचं, हे नीट सांगितलं जात नाही. म्हणून हा लेख.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सासर पुण्यात, माहेर तासगाव तालुक्यातल्या एका गावात. पहिल्या बाळंतपणाला रिवाजाप्रमाणे माहेरी आले. सिझर झालं, मुलगी झाली. दिवस पावसाळ्याचे होते, झड लागलेली होती. लंगोट वाळायचे नाहीत म्हणून आई शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर दुपटी पसरायची. घरभर ओव्याच्या आणि बाळंतशेपांच्या धुरीचा वास असायचा. ताटात अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, तुपाची धार सोडलेला मऊ भात. कशाची म्हणून कमतरता नव्हती. आणि मी पहाटे बाळाला पाजताना भिंतीकडे तोंड करून रडायचे. आईला कळलं की ती काकुळतीनं म्हणायची, “रडू नको गं, दूध आटतंय त्यानं.”

रडू कुठवर साधं?

वार पडली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं झपाट्यानं उतरतात. गरोदरपणात नऊ महिने चढत गेलेली पातळी काही दिवसांत खाली येते. त्यात टाक्यांची ओढ, दुधानं गच्च झालेली छाती आणि तुकड्यातुकड्यांची झोप. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कारण नसताना रडू येणं, चिडचिड होणं, घटकेत हसणं नि घटकेत डोळे भरणं, हे निम्म्याहून अधिक बायकांच्या वाट्याला येतं. विश्रांती मिळाली आणि कुणी मायेनं जवळ बसलं, की दोनेक आठवड्यांत ते ओसरतं. त्याला औषध लागत नाही.

दोन आठवडे उलटले तरी मन वर येत नसेल, तर ती गोष्ट वेगळी आहे. कशातच गोडी वाटत नाही. बाळ शांत झोपलेलं असतं, घर झोपलेलं असतं, आणि आईचा डोळा लागत नाही. बाळाला काहीतरी होईल ही भीती मनातून जात नाही, किंवा उलट, बाळाबद्दल काहीच वाटत नाही आणि त्या न वाटण्याची शरम वाटत राहते. आपण वाईट आई आहोत, आपण नसतो तर सगळ्यांचं बरं झालं असतं, असे विचार येतात. हे प्रसूतीनंतरचं नैराश्य आहे. तो आजार आहे, आणि त्याच्यावर उपचार आहेत.

हा आजार शहरातल्या शिकलेल्या बायकांची हौस आहे, असं समजणारे अजून भेटतात. त्यांच्यासाठी घराजवळचं उदाहरण आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या २७० मातांचा पाठपुरावा केला. त्यांचा अहवाल २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के माता नैराश्यात होत्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बिनसलेलं नातं ही मोठी कारणं होती. मुलगी झाल्यानं धोका वाढत होता. पुढे २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतातल्या ३८ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं, वीस हजारांहून अधिक मातांचं. त्यातही प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास निघालं. म्हणजे साधारण पाच जणींमागे एक.

याहून दुर्मीळ पण फार गंभीर अवस्था म्हणजे प्रसूतीनंतरची मनोविकृती. हजार बाळंतिणींमागे एखाद-दुसरीला ती होते, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. झोप पूर्ण उडणं, भास होणं, असंबद्ध बोलणं, बाळाबद्दल विचित्र समजुती होणं ही तिची लक्षणं. अशा वेळी बाहेरचं झालंय म्हणून अंगारे-धुपारे करत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं. बाळ हिरावून घेतील या भीतीनं घरचे थांबतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा वेगळं करू नये. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तर आई आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करून घेणारा विभाग २००९ पासून आहे.

काटा बाजूला ठेवून विचारलेला प्रश्न

आमच्या गावच्या आशाताई, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, ठरलेल्या दिवशी यायच्या. प्रसूती रुग्णालयात झालेली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशानं घरी जाऊन बाळ पाहायचं, अशी देशभरातली पद्धत आहे. तिचं मूळ आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, त्यातून बालमृत्यू कमी झाले, आणि १९९९ साली ते काम ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. या भेटी बाळासाठी आखलेल्या आहेत. पण दार उघडतं ते आईच्या खोलीचं.

आशाताईंनी बाळाला झोळीत घालून वजन केलं, ताप पाहिला, वहीत नोंद केली. मग काटा बाजूला ठेवून त्या माझ्याजवळ बसल्या. “बाळाचं वजन झ्याक वाढलंय. आता तुमचं सांगा. जेवलासा का? बाळ झोपल्यावर तुमाला झोप लागती का?”

मी नाही म्हटलं. त्यांनी कधीपासून ते विचारलं, जेवण जातं का विचारलं, आणि माझ्या हातावर हात ठेवून मनात जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचं येतं का, हेही सरळ विचारलं. तो प्रश्न ऐकून मला भीती वाटली नाही. कुणीतरी तो विचारला याचं हायसं वाटलं. मग आईकडे वळून त्या म्हणाल्या, “काकू, ह्यास्नी डॉक्टरला दाखवा. हे नुसतं दमणं न्हवं.”

सांगलीला मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी एक छोटी प्रश्नावली भरून घेतली. १९८७ साली कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्हस्की यांनी ब्रिटनमध्ये तयार केलेली ही एडिंबरा प्रश्नावली जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. हसू येतं का, पुढच्या गोष्टींची ओढ वाटते का, उगाच स्वतःला दोष देता का, असं त्यात विचारलेलं असतं. थकव्यावर भर नसतो, कारण थकलेली तर प्रत्येकच बाळंतीण असते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो, आणि त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही आलं तर बाकीचे गुण कितीही असोत, डॉक्टर थांबून बोलतात.

त्यांनी रक्त तपासायला लावलं. रक्त कमी असेल किंवा बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडली असेल तरी माणूस असंच खचतं, आणि त्याचा इलाज वेगळा असतो. माझ्या बाबतीत हिमोग्लोबिन कमी निघालं, थायरॉइड ठीक होती. लोहाच्या गोळ्या आल्या, नैराश्यावरचं औषध आलं, समुपदेशन ठरलं. औषधानं दूध बंद करावं लागेल का, हा आईचा पहिला प्रश्न होता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधं आहेत. सर्ट्रालीन हे त्यांतलं बरंच वापरलं जाणारं, कारण ते दुधात फार थोडं उतरतं. मात्र औषध, मात्रा आणि मुदत हे ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरांनाच विचारून ठरवायचं.

ज्यांना इतक्यात कुणाकडे जाणं जमणार नाही त्यांनी १४४१६ हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र कधीही लावता येतो, मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती असेल का, घरात कळेल का, ही धाकधूक मनात असली तरी आधी फोन लावावा आणि तीच धाकधूक पहिल्यांदा बोलून दाखवावी. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येत असेल तर मात्र एकटं राहू नये. शेजारच्या माणसाला उठवावं, सांगावं आणि जवळच्या रुग्णालयात जावं.

छापील वही आणि शाळेची वही

माझ्या एका मैत्रिणीनं बारशाला मला सुंदर छापलेली कृतज्ञतेची वही दिली होती. प्रत्येक पानावर ‘आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे?’ आणि खाली पाच रेघा. मी ती उघडायचे, पाच रेघांकडे बघायचे आणि मिटून ठेवायचे. बाळ, दूध, आई, वडील म्हणजे अण्णा, घर. सगळं खरं होतं. पण ते लिहिलं की पुढची ओळ मनात आपोआप उमटायची: आणि तरीही तू अशी.

समुपदेशक बाईंना मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “ती वही कपाटात ठेवा. सध्या आभार कुणाचेच मानू नका. आधी झोप.” त्यांनी आईअण्णांना आत बोलावलं आणि रात्रीचं वेळापत्रकच लिहून दिलं. रात्री एक पाजणं झालं की मी दुसऱ्या खोलीत जाऊन झोपायचं. मध्ये बाळ उठलं तर काढून ठेवलेलं दूध आईनं वाटी-चमच्यानं पाजायचं, आणि अण्णांनी ढेकर काढून झोपवायचं. सलग चार-पाच तास झोप, हे पहिलं औषध होतं. अण्णा आयुष्यभर द्राक्षबागेत पहाटेच्या फवारण्यांना उठलेले, ते म्हणाले, “रातचं जागायचं मला नवं न्हाई.” त्यांनी हे काम इतकं मनापासून केलं की नात अजूनही झोप आली की त्यांनाच शोधते.

झोप लागू लागली, औषधाचा गुण यायला लागला, आणि एके दिवशी समुपदेशक बाईंनी स्वतःच विषय काढला. बाळाचं दूध, शी, शू यांची नोंद मी एका दोनशेपानी वहीत डाव्या पानावर करत होते. उजवं पान कोरं राहायचं. त्या म्हणाल्या, त्या कोऱ्या पानावर एकच ओळ लिहा. आज कुणी काय केलं, आणि त्यानं तुमचं नेमकं काय हलकं झालं. मनातून आली तर लिहा, नाही आली तर पान कोरं राहू द्या.

त्या पानांवरच्या काही ओळी अशा आहेत. अण्णांनी लंगोट इस्त्री फिरवून वाळवले, म्हणून आज आईला वेळ मिळाला आणि ती माझ्याजवळ बसली. मालिशवाल्या मावशींनी बाळाला न्हाऊ घालून स्वतःच गुंडाळलं आणि मला म्हणाल्या, ‘तुमी पडा जरा’, म्हणून पाठ टेकता आली. वहिनीनं पाहुण्यांना सोप्यातच चहा दिला, खोलीत येऊ दिलं नाही, म्हणून पाजताना संकोच झाला नाही. शेजारच्या काकू आल्या, बाळाचा मुका घेण्याऐवजी मोरीतली भांडी घासून गेल्या. आणि बऱ्याच दिवसांनी लिहिलेली एक ओळ: आज टाके ओढत होते तरी मी उठले आणि बाळाला घेतलं, म्हणून ते पटकन शांत झालं.

ही शेवटची ओळ वाचून समुपदेशक बाई म्हणाल्या, “यात तुम्ही पहिल्यांदा आलात.” माझं बरं होणं मला तिथपासून दिसायला लागलं.

ही सवय आत काय करते

नैराश्यात माणसाचं लक्ष आणि आठवण दोन्ही एकाच बाजूला झुकतात. दिवसभरात दहा गोष्टी झाल्या तरी बाळ एकदा रडून काळंनिळं झालं तेवढंच रात्री आठवतं. आठवणीच्या या झुकावाला थोडा विरोध करणं, एवढं काम ती एक ओळ करते. घडलेलं वाईट ती पुसत नाही. जे घडलं पण नोंदलंच गेलं नाही, ते ती नोंदते.

या विषयातला सगळ्यांत गाजलेला प्रयोग रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांचा, २००३ सालचा. त्यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटानं दहा आठवडे दर आठवड्याला आपण कृतज्ञ आहोत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, दुसऱ्यानं कटकटी लिहिल्या, तिसऱ्यानं नुसत्या घटना. पहिल्या गटाला आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधान वाटलं. २००५ साली मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे लिहायला सांगितलं. लिहिणाऱ्यांत नैराश्याची लक्षणं कमी झाली आणि तो परिणाम सहा महिन्यांपर्यंत दिसला. या प्रयोगातला ‘का’ महत्त्वाचा आहे. चांगली गोष्ट आपसूक घडली नाही, तिच्यामागे कुणाचा तरी हात होता, कधी आपलाही होता, हे त्या एका शब्दानं दिसायला लागतं.

आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या क्रेग आणि चीवन्स यांनी असे २७ अभ्यास एकत्र तपासले, ३,६७५ माणसांचे. कृतज्ञतेच्या सरावानं नैराश्य आणि चिंता कमी होतात, पण थोड्याच, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ज्यांना खरोखर आजार आहे त्यांनी केवळ यावर विसंबू नये, सिद्ध झालेले उपचार घ्यावेत, असं ते सांगतात. माझा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. औषधासोबत पथ्य असतं, तशी ही सवय. पथ्यानं औषधाला साथ मिळते, पण औषध सोडून नुसतं पथ्य पाळत बसलं तर आजार बसून राहतो.

अति करण्यातही अर्थ नाही. सोनिया ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोजचं झालं की त्याचं काम होऊन बसतं, आणि बाळंतिणीला आणखी एका कामाची गरज नसते.

कशी लावायची ही सवय

पहिली गोष्ट, नेमकं लिहायचं. ‘माझी आई माझ्यासाठी खूप करते’ या वाक्यानं मन हलत नाही, उलट ऋणाचं ओझं वाढतं. ‘आईनं आज भाजीतली मिरची वेगळी काढून मला वाढलं’ या वाक्यात आई दिसते, तिनं आपला विचार केला ते दिसतं, आणि घास गोड लागतो.

दुसरी गोष्ट, लहान लिहायचं. एक ओळ पुरे. हातात बाळ असताना लिहिणं जमत नाही. मग मोबाइलवर बोलून ठेवा, किंवा पाजताना मनात म्हणा. अक्षर, शुद्धलेखन, सातत्य यांतलं काहीही लागत नाही. वेळ ठरवायचीच तर रोजच्या एखाद्या कामाला ती जोडा. संध्याकाळी बाळाला धुरी देताना असो किंवा आपलं औषध घेताना असो, म्हणजे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

तिसरी गोष्ट, दुःखाची ओळ खोडायची नाही. ‘आज फार रडले. वहिनीनं बाळ घेतलं.’ ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर राहू शकतात. राहिलीच पाहिजेत. आज वाईट गेला असं लिहिता येत नसेल, तर चांगलं लिहिलेलंही खोटं वाटू लागतं.

चौथी गोष्ट, आठवड्यातून एकदा तरी स्वतःच्या शरीराबद्दल आणि स्वतःच्या कामाबद्दल लिहायचं. बाळंतिणीचं पोट, वजन, दूध यांवर सगळे बोलत असतात आणि बहुतेक वेळा उणंच बोलतात. ज्या शरीरानं मूल घडवलं आणि आता ते भरून येतंय, त्याच्याबद्दल एक चांगलं वाक्य त्याच्या मालकिणीनं तरी लिहावं.

पाचवी गोष्ट, जमेल तेव्हा लिहिलेलं त्या माणसाला सांगायचं. मी शेजारच्या काकूंना सांगितलं, की तुम्ही भांडी घासलीत त्या दिवशी मी दुपारी झोपले. त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणात त्या आठव्या दिवशी मोटेवर पाणी भरायला गेल्या होत्या, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. तोवर ते कुणी विचारलंच नव्हतं. त्यानंतर त्या माझ्याकडे नुसत्या बसायलाही येऊ लागल्या, आणि मला बोलायला घराबाहेरचं एक माणूस मिळालं.

शेवटची गोष्ट, लिहिताना अपराधी वाटायला लागलं किंवा जीव आणखी जड झाला, तर थांबायचं आणि ते डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला सांगायचं. आजार जोरात असताना तसं होऊ शकतं. त्याचा अर्थ सवय लावण्याची वेळ अजून आलेली नाही, एवढाच.

जिथे आभाराची वही चालत नाही

जिचं बाळ काचेच्या पेटीत आहे, जिला मुलगी झाली म्हणून सासरहून कुणी बघायला आलं नाही, जिला घरात मार बसतो, जिच्या ताटात पुरेसं पडत नाही, तिला कृतज्ञ राहा असं सांगणं हा अन्याय आहे. गोव्यातल्या त्या अभ्यासात नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि भूक या दोन्हींचा आईच्या मनाशी संबंध दिसला होता. तिथे आधी अन्न, सुरक्षितता आणि तिच्या बाजूनं उभं राहणारं माणूस हवं.

असं माणूस उभं राहिलं तर काय होतं, याचा पुरावा शेजारच्या देशात आहे. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात डॉ. अतीफ रहमान यांनी गावातल्या आरोग्यसेविकांना नैराश्यातल्या आयांशी बोलायला शिकवलं. आईची तब्येत, बाळाशी नातं आणि भोवतालच्या माणसांशी नातं, या तीन गोष्टींवर चित्रांच्या मदतीनं घरी जाऊन बोलायचं, घरच्यांनाही त्यात घ्यायचं. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी या आयांपैकी २३ टक्के नैराश्यात राहिल्या होत्या; ज्यांना हे बोलणं मिळालं नव्हतं त्यांच्यात ५३ टक्के. पुढे गोव्यातही त्याच पद्धतीचा प्रयोग झाला, वस्तीतल्याच साध्या बायकांना शिकवून. त्यांना ‘सखी’ म्हणत. मानसोपचाराची पदवी त्यांच्याकडे नव्हती. नीट ऐकायचं कसं, हे त्या शिकल्या होत्या.

घरच्यांनी काय करायचं

देणारा परतफेडीची अपेक्षा ठेवतो असं कळलं, की घेणाऱ्याच्या मनात कृतज्ञता कमी होते आणि ऋणाची भावना वाढते, असं फिलिप वॉटकिन्स यांच्या २००६ सालच्या अभ्यासात दिसलं. ‘तुझ्यासाठी आम्ही एवढं केलं’ हे वाक्य बाळंतिणीच्या खोलीत म्हणूनच उच्चारू नये. केलेलं सगळं त्या एका वाक्यानं तिच्यावरचं कर्ज होऊन बसतं.

उलट दिशेनं आलेली कृतज्ञता मात्र तिला उभं करते. सारा अल्गो या संशोधिकेनं जोडप्यांचा अभ्यास केला. एकानं दुसऱ्यासाठी केलेल्या लहानसहान गोष्टींबद्दल रोजच्या जगण्यात कृतज्ञता वाटली, तर दुसऱ्या दिवशी दोघांनाही नातं अधिक जवळचं वाटतं, असं तिला आढळलं. माझा नवरा शनिवारी रात्रीच्या गाडीनं यायचा आणि आल्या आल्या बाळाकडे धावायचा. समुपदेशक बाईंनी त्याला एकदा बोलावून सांगितलं, की आधी बायकोकडे जा आणि आठवड्यात तिनं जे केलं त्यातली एक गोष्ट तिला सांगा. पुढच्या शनिवारी त्यानं माझी नोंदवही हातात घेतली, डावी पानं पहिल्यापासून चाळली आणि म्हणाला, “रात्री अकरा, एक, तीन, साडेचार. हे तू रोज केलंस. मला माहीतच नव्हतं.” पाहुण्यांनी सांगितलेल्या माझ्या भाग्यानं जे झालं नव्हतं, ते या वाक्यानं झालं. त्या रात्रीपासून शनिवार-रविवारची रात्रीची पाळी त्यानं घेतली.

आपल्याकडे बारशाला पाळण्यातल्या बाळासाठी दागिना असतो, झबलं असतं, आणि आईची ओटी भरली जाते. ओटी भरताना एक वाक्य बोलायची पद्धत आपण पाडू शकतो. ‘सुखी राहा’च्या जोडीनं, तिनं सोसलेल्या आणि केलेल्या एका नेमक्या गोष्टीबद्दल तिचे आभार. त्यासाठी आधी तिला विचारावं लागेल, की बाई, तुझी रात्र कशी गेली. तिनं वाईट गेली म्हटलं, तर तिला तिचं भाग्य मोजून दाखवू नका. बाळ आपल्या हातात घ्या, तिला झोपायला पाठवा, आणि दोन आठवड्यांनंतरही तिचं उत्तर तेच असेल तर तिच्यासोबत डॉक्टरांकडे जा.